परक्याची खाकर

एका जंगलात चितळांचा एक कळप राहत असे, आणि बऱ्यापैकी जिवंत राहत असे. मुलांनो, यातला दुसरा भाग आपोआप होत नाही. ज्या जंगलात बिबट्या असतो तिथे जिवंत राहण्यासाठी काही व्यवस्था लागते. त्या जंगलात ती होती. तिचे नाव पाणवठा संघ.

संघात चितळ, वानर, मोर आणि रानडुकरे असे सभासद होते. रानडुकरे त्यात कशासाठी होती हे कुणालाच नीट सांगता येत नसे, पण प्रत्येक बैठकीला ती वेळेवर येत. संघाचा मुख्य नियम सोपा होता. ज्याला बिबट्या कळेल त्याने इशारा द्यायचा, ज्याला इशारा ऐकू येईल त्याने पळायचे, आणि इशारा कुणाचा होता हे नंतर विचारायचे. वानर झाडाच्या शेंड्यावरून पाहत. मोर झुडपांच्या कडेकडेने फिरत. चितळांना वाऱ्यावरचा वास कळे, आणि वास आला की ते पुढचा खूर जमिनीवर आपटत. वानर मात्र घशातून एक कोरडा, ओरबाडल्यासारखा आवाज काढत. त्या आवाजाला सारे जंगल खाकर म्हणे. खाकर ऐकली की चितळ पळत आणि दहा उड्यांनंतर थांबून मागे पाहत. बहुतेक वेळा मागे कुणी नसे.

कळपात फाटक्या कानाची एक म्हातारी हरिणी होती. तिला सगळे आत्याबाई म्हणत. तिचा कान कसा फाटला असे कुणी विचारले, तर ती म्हणे, “खाकर ऐकली आणि तोंडातला घास संपवून मग निघाले.” याहून जास्त ती सांगत नसे. तिच्या नाकासारखे नाक कळपात दुसरे नव्हते, आणि तिच्या खुराचा लौकिक तर फारच मोठा होता. वास आल्याशिवाय तो कधी वाजला नव्हता. तिची धाकटी लेक त्या वर्षी गाभण होती आणि दिवस भरत आले होते.

आता या सगळ्यात बिघडले कुठे, तर एका शिंगाळ्या नराच्या शिंगांना कंड सुटली. नव्या शिंगांवरची मखमली साल सुटू लागली की नर झाडांवर शिंगे घासतात. यात वावगे काही नाही. पण हा नर पाणवठ्यावरच्या अर्जुनाच्या झाडालाच शिंगे घासू लागला, आणि त्या झाडावर मोर झोपत.

“साल निघाली तर झाड वाळेल,” मोर म्हणाला. “पलीकडे चाळीस झाडं उभी आहेत, दादा.”

“मला हेच आवडतं.”

“का बरं?”

“याची साल गार लागते.”

प्रकरण संघापुढे गेले. शिंगाळ्याने तीन दिवस अर्जुनाजवळ येऊ नये, असे संघाने अत्यंत नम्र शब्दांत ठरवले. रानडुकरांनीही माना डोलावल्या. शिंगाळा निघून गेला. पहिल्या दिवशी त्याच्या शिंगांना कंड होती, दुसऱ्या दिवशी त्याचा अपमान झाला होता, आणि तिसऱ्या दिवशी त्या अपमानाचे तत्त्व झाले.

तिसऱ्याच दिवशी त्याला कोल्हा भेटला. हा कोल्हा बिबट्याच्या मागे राहून उरलेसुरले खात असे. हे सर्वांना माहीत होते आणि तो ते लपवतही नसे. त्यामुळे जंगलात त्याला प्रामाणिक समजत.

“मी तटस्थ आहे,” कोल्हा म्हणाला. “मी फक्त मोजतो. गेल्या पावसाळ्यापासून वानर एकशे बारा वेळा खाकरले. तुमचा कळप एकशे बारा वेळा पळाला. त्यातल्या एकशे नऊ वेळा कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. मग पळालात कशासाठी?”

मुलांनो, कोल्ह्याचा आकडा अगदी बरोबर होता. चितळ पळाले म्हणूनच कुणाला ओरखडा आला नाही, हे मात्र त्याने मोजले नव्हते, आणि शिंगाळ्याने विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर कळपाची सभा भरली. विषय एकच : संघातून बाहेर पडायचे की नाही. एरवी चितळ विश्रांतीला बसतात तेव्हा प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला असते. सभेत तसे चालत नाही. बोलणारा दिसला पाहिजे म्हणून सगळे गोल करून, तोंडे आत करून उभे राहिले. आत्याबाई तेवढी कडेला, बाहेर तोंड करून उभी होती.

“आत्याबाई, सभेकडे पाठ करू नये,” एकाने सुचवले.

“ऐकतेय मी. कान मागेही वळतात माझे. एक तरी वळतोच.”

शिंगाळा मधोमध आला. “आपण चितळ आहोत! आपल्यासारखी धाव या जंगलात कुणाला आहे?”

“कुणाला नाही!” सगळे म्हणाले.

“आणि ती धाव कधी घ्यायची हे ठरवतो कोण? झाडावर बसून पाठ खाजवणारा एक वानर! वर हा मोर सांगणार, शिंगं कुठं घासायची. उद्या म्हणतील, गवत कोणत्या बाजूने चावायचं! आपल्या पायांवर आपला हक्क!”

“आपल्या पायांवर आपला हक्क!” कळप ओरडला. मागे उभ्या असलेल्या एकाने उत्साहात “चारही!” अशी भर घातली.

आत्याबाई वळून म्हणाली, “अरे, पाय तुझेच आहेत. तुझ्याकडे नाहीत ते डोळे. चरताना तुझं तोंड गवतात असतं. तेवढा वेळ वर बसून कुणीतरी तुझ्या वाटचं बघतो.”

“तुमचा काळ वेगळा होता, आत्याबाई.”

“काळ वेगळा होता. बिबट्या त्याच घरातला आहे. याच्या आईला मी ओळखते.” तिने कान हलवला.

काही तरुण हसले. काहींनी खाली पाहिले.

एवढ्यात वानरांचा म्होरक्या, एक थोराड हुप्प्या, जवळच्या बेहड्याच्या खालच्या फांदीवर येऊन बसला. भाषण करणे त्याला जमत नसे. तो म्हणाला, “तुमचं तुम्ही ठरवा. आम्हाला बिबट्या दिसला की घसा आपोआप वाजतो. तुम्ही संघात असा की नसा, ऐकू तर येणारच.”

त्याने हे चांगुलपणाने सांगितले होते, आणि नेमके तेच अंगाशी आले.

“ऐकलंत?” शिंगाळा गरजला. “बाहेर पडलो तरी खाकर ऐकू येणारच आहे! मग आत राहायचं कशाला?”

यावर मोठी हर्षाची खळबळ झाली. ती ओसरल्यावर एका बारक्या शिंगांच्या नराने विचारले, “पण बाहेर पडल्यावर खाकर ऐकू आली तर पळायचं की नाही?”

सभा थबकली. शिंगाळ्यानेही हा विचार केलेला नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिले. कोल्हा उन्हात पंजे चाटत होता.

“मी तटस्थ आहे,” कोल्हा म्हणाला, “पण बाहेर पडून परत त्यांच्याच खाकरीवर पळायचं, तर मग बाहेर पडलात असं कसं म्हणता येईल?”

“बरोबर!” शिंगाळा म्हणाला. “परक्याच्या खाकरीवर चितळ पळणार नाही. चितळाला बिबट्याचा वास आला, चितळाने खूर आपटला, तरच चितळ पळेल. हाही ठरावाचा भाग समजावा.”

“आणि वारा उलटा असला तर?” आत्याबाईने विचारले. “पाठीकडून वारा असला की समोरचा वास येत नाही. माझ्या नाकालाही नाही.”

“वाऱ्याचं नंतर बघू. त्यासाठी एक समिती नेमू.”

आत्याबाई गोलाच्या आत आली. आजवर तिने कधी कुणापुढे अजिजी केली नव्हती. ती म्हणाली, “बरं, जायचं तर जा. पण आठ दिवस थांबा. माझ्या लेकीचं होऊ दे. पाडस पायावर उभं राहू दे. आत्ता तिला वेळेवर कळलं तरच ती निभावेल. उशिरा कळलं तर तिला उडी घेता येणार नाही. आठच दिवस मागते.”

कळपात चुळबुळ झाली. दोनचार माद्या “देऊन टाका” असे म्हणाल्यादेखील.

“मी तटस्थ आहे,” कोल्हा म्हणाला, “पण आठ दिवस दिले की कुणाला तरी नववा हवा असतो.”

“एकीसाठी सगळ्या कळपाने थांबायचं का?” शिंगाळ्याने विचारले, आणि तो मुद्दा तिथेच संपला.

मत देण्याची पद्धत अशी ठरली की बाहेर पडायचे असेल त्यांनी वारुळाकडे जावे, राहायचे असेल त्यांनी बेहड्याकडे. मोजणी कोल्ह्याकडे दिली, कारण तो तटस्थ होता. आत्याबाई बेहड्याखाली जाऊन उभी राहिली आणि तिने लेकीसाठी जागा ठेवली. लेक आली नाही. ती वारुळाकडे चालली होती. पोट जड होते म्हणून सावकाश चालत होती, आणि सगळ्यांच्या शेवटी तिथे पोचली.

बेहड्याकडे तीस होते. वारुळाकडे तिच्यासह एकतीस.

दुपारी लेक आईजवळ आली. “आई, रागावलीस?”

“नाही गं.”

“कधी कधी दिवसातून तीन तीनदा पळायचं, आणि मागे वळून बघावं तर कुणी नाही. प्रत्येक उडीला पोटात कळ येते. मला वाटलं, निदान हे चार दिवस तरी पळावं लागू नये.”

“हो. तिकडं सावली आहे, तिकडं बस.”

पहिले पाच दिवस फार छान गेले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिंगाळ्याने अर्जुनाची साल पार कमरेपर्यंत सोलून काढली. मोर दुसऱ्या झाडावर झोपायला गेले. वानर दोनदा खाकरले. चितळांच्या मांड्या थरथरल्या, पण कुणी हलले नाही, आणि काही झालेही नाही. बिबट्याने आदल्या दिवशीच रानडुकराचे पिल्लू नेले होते, त्यामुळे तो नुसताच वाटेने जात होता. कोल्ह्याने नवा आकडा जाहीर केला : एकशे चौदापैकी एकशे अकरा. लेकीची कळ थांबली. ती नीट खाऊ लागली, तिच्या अंगावर तुकतुकी आली. तिच्याकडे पाहून आत्याबाईलाही वाटू लागले, की कदाचित आपलेच चुकले असेल. म्हातारपणी माणूस काय आणि हरीण काय, भीतीलाच अनुभव समजू लागते.

सहाव्या दिवशी सकाळी ऊन वर आले होते. कळप माळाच्या कडेला चरत होता, आणि वारा चितळांच्या पाठीकडून समोरच्या करवंदीच्या जाळीकडे वाहत होता. म्हणजे कळपाचा वास जाळीकडे जात होता, आणि जाळीतला वास कळपाकडे येत नव्हता.

बेहड्यावरून हुप्प्या खाकरला.

सगळ्यांचे कान एकदम वळले. हुप्प्या पुन्हा खाकरला, आणि मग थांबेचना. त्याने फांदी गदागदा हलवली. पाने खाली पडली. इतर वानरही खाकरू लागले. झाडच्या झाड खोकल्याने भरून गेल्यासारखे वाटत होते.

“हलू नका!” शिंगाळा म्हणाला. “परकी आहे.”

आत्याबाईने नाक वर केले. गवताचा वास होता, वारुळाच्या मातीचा होता, लेकीच्या अंगाचा होता. दुसरा कुठलाच नव्हता. तिने लेकीकडे पाहिले. लेक जाळीपासून पंधरा पावलांवर उभी होती. तिने पुढचा पाय उचलून धरला होता आणि शिंगाळ्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिने मत दिले होते, आणि दिलेले मत ती पाळत होती.

मग जन्मात कधी केले नव्हते ते आत्याबाईने केले. वास आलेला नसताना तिने खूर आपटला.

कळपाच्या शेपट्या ताठ झाल्या. लेकीने अंग आकसले, उडीसाठी.

“आत्याबाई,” शिंगाळ्याने विचारले, “वास आला का?”

मुलांनो, इथे एका शब्दाचे काम होते. ‘हो’ म्हटले असते तरी पुरले असते. पण ज्या खुराने आयुष्यभर खोटे सांगितले नाही, त्याच्या मालकिणीची जीभ वेळेवर वळली नाही. ती म्हणाली, “नाही. पण वानर...”

“मग हा इशारा धरता येणार नाही,” शिंगाळा म्हणाला.

लेकीने आकसलेले अंग सैल सोडले. बिबट्याला तेवढाच वेळ हवा होता.

त्यानंतर मात्र कुणी काही विचारले नाही. सगळा कळप पळाला, आणि सगळ्यांच्या पुढे शिंगाळा पळाला. त्याच्यासारखी धाव खरोखरच त्या जंगलात कुणाला नव्हती.

संध्याकाळी दुखवट्याची सभा झाली. तीत दोन ठराव एकमताने मंजूर झाले. पहिला असा, की वानरांनी पुरेशा मोठ्याने खाकरण्यात कसूर केल्यामुळे ही घटना घडली. दुसरा असा, की वानरांनी नको इतके खाकरून मृत हरिणीचे लक्ष विचलित केले. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल, असे बारक्या शिंगांच्या नराने विचारले. त्याला वाऱ्याच्या समितीवर नेमण्यात आले. कोल्हा सभेला नव्हता. तो जेवत होता.

आत्याबाईही सभेला नव्हती. ती बेहड्याखाली जाऊन उभी राहिली होती.

हुप्प्या खाली उतरून आला. म्हणाला, “कळप सोडून इथं कशाला, म्हातारे?”

“तिथं सगळ्यांची तोंडं आत आहेत.”

“मी खूप खाकरलो गं. घसा फुटायचा राहिला.”

“ऐकलं मी. तू तुझं काम केलंस. मला एक खोटं बोलता आलं नाही.”

त्या दिवसापासून ती तिथेच राहिली. वानरांच्या हातून पडलेला पाला खायची, वारा जाळीकडून येत असेल तेव्हा त्यांच्यासाठी हुंगायची, आणि वानर खाकरला की खूर आपटायची. दर वेळी. कळप माळावर लांब चरत असे. खूर ऐकू आला की शिंगाळा ओरडून विचारी, “आत्याबाई, वास आला का?”

“आला,” ती म्हणे.

मग कळप पळे. चितळाला वास आला, चितळाने खूर आपटला आणि चितळ पळाले, तेव्हा ठरावाला कुठेही बाधा येत नव्हती. वारा कधी कुठल्या बाजूचा आहे हे प्रत्येकाच्या कातडीला कळत होते. तरी तो प्रश्न कुणी काढला नाही, समितीनेसुद्धा नाही. बाहेर पडल्याच्या वाढदिवसाला शिंगाळ्याने भाषण केले, की वर्षभरात आपण एकदाही परक्याच्या खाकरीवर पळालो नाही. कळपाने खूर आपटून आनंद व्यक्त केला. आत्याबाईने तेवढ्यापुरते कान मिटून घेतले.

असे दोन पावसाळे गेले. तिचे गुडघे आखडले. पाणवठ्यावर जाऊन यायला तिला सकाळ पुरेनाशी झाली.

मग एके दिवशी, वारा पाठीचा असताना, हुप्प्या खाकरला. तिने खूर आपटला.

“वास आला का?”

“आला!”

कळप पळाला. ती पळाली नाही. पळता येण्यासारखे पाय तिच्याकडे उरले नव्हते, आणि होता तो एक पाय ती आपटत होती. कळप टेकाडापलीकडे दिसेनासा होईपर्यंत तिचा खूर वाजत होता, असे मोराने नंतर सांगितले. तो म्हणाला, की शेवटी शेवटी तिला वास खरोखरच आला असणार, कारण बिबट्या तिच्यापासून चार पावलांवर होता.

तिच्यासाठीही दुखवट्याची सभा झाली. कळप कुणाच्याही मदतीशिवाय, केवळ स्वतःच्या खुरांच्या बळावर सुरक्षित राहिला, असे शिंगाळ्याने त्यात सांगितले. पुन्हा संघात जाण्याचा विचार व्हावा असे एक मादी दबक्या आवाजात म्हणाली. त्यासाठी मोठी सभा घ्यावी लागेल, असे तिला सांगण्यात आले. समोरच्या जाळीत बिबट्या पंज्यांवर हनुवटी ठेवून पडला होता. चितळांच्या सभा त्याला आवडू लागल्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी वानर खाकरला. कळपाने माना वर केल्या आणि बेहड्याच्या बुंध्याकडे पाहिले. तिथे पाला पडलेला होता, आणि तो खायला कुणी नव्हते.

“खूर वाजला का कुणाचा?” शिंगाळ्याने विचारले.

“नाही,” कुणीतरी म्हणाले.

वानर खाकरतच होता. चितळांनी माना खाली घातल्या आणि ते चरू लागले.

तात्पर्य : संकटाची सूचना परक्याने दिली म्हणून संकट परक्याचे होत नाही; झडप घालण्याआधी बिबट्याने कुणाचे सभासदत्व तपासल्याचे अजून ऐकिवात नाही.